मोजणी खात्यातले खापरपणजोबा : मुंबईत राहून शोध कुठून सुरू करायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. खापरपणजोबा ‘इंग्रजांच्या मोजणीत’ होते, साखळी घेऊन घाटावर इंदापूरच्या बाजूला हिंडायचे, तंबूत राहायचे. घरात त्यांचा एक पितळी बिल्ला आहे. मूळ गाव राजापूर तालुक्यात, तुम्ही गिरगावात. गावचे जुने उतारे आणि फेरफार काढलेत, त्यात सगळी भावकी सापडली, पण त्यांचे मोजणीतले नाव कुठेच नाही. आता काय करायचे?

तुमचा शोध चुकीच्या गावात चालला आहे. मोजणी पथकातल्या माणसाचे कामाचे नाव त्याच्या स्वतःच्या गावच्या दप्तरात सापडत नाही. तुमच्या गावची जमीन दुसऱ्याच कुणीतरी मोजली, आणि तुमच्या खापरपणजोबांनी दुसऱ्यांच्या. त्यांची सही असलीच तर ती इंदापूरकडच्या एखाद्या गावाच्या टिपणावर असेल आणि त्या गावात तुमच्या आडनावाचे कुणीही नसेल. म्हणून माणसाचे नाव थोडा वेळ बाजूला ठेवा. कोणती मोजणी, कोणता तालुका, कोणते वर्ष, हे तीन धागे आधी पक्के करा. पथक सापडले की माणूस सापडण्याची आशा असते. नुसत्या नावावरून शोधत गेलात तर वर्षे जातात.

कोणती मोजणी, हे विचारतो कारण ‘इंग्रजांची मोजणी’ या एका नावाखाली घराघरांत तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. एक मुंबई बेटाची. कॅप्टन डिकिन्सन यांनी १८११ च्या सुमारास ती सुरू केली, पुढे टेट यांनी १८२७ पर्यंत पुरी केली. नंतर १८६५ ते १८७२ या काळात लॉटन यांनी शहराची नव्याने मोजणी केली, तीही एक इंच म्हणजे चाळीस फूट इतक्या मोठ्या प्रमाणावर. आजोबा गिरगाव, मांडवी, भायखळा अशा गल्ल्या मोजत होते असे घरात बोलले जात असेल, तर शोध लॉटनच्या नकाशांपासून सुरू होतो. त्यासाठी फोर्टात जुन्या जकात घरातल्या मुंबई शहर जिल्हाधिकारी कार्यालयात जावे लागते.

दुसरी त्रिकोणमितीय मोजणी, लॅम्बटन आणि एव्हरेस्ट यांची. डोंगरमाथ्यावर झेंडा, रात्री दिवा, मोठी दुर्बीण, जंगलातला ताप अशा आठवणी असतील तर ही. ती थेट हिंदुस्थान सरकारची होती. १८७८ मध्ये तिचे आणि बाकीच्या नकाशा खात्यांचे मिळून सर्व्हे ऑफ इंडिया झाले. तिची जुनी कागदपत्रे मुंबईत नाहीत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. १८४३ पर्यंतच्या काळासाठी फिलिमोर यांनी खात्याच्या दप्तरावरून लिहिलेले चार इंग्रजी खंड आधी चाळावेत. त्यांत देशी कर्मचाऱ्यांचीही नावे भेटतात.

तिसरी म्हणजे महसुली मोजणी, शेताशेताची. तुमच्या घरच्या आठवणीत साखळी आहे, इंदापूर आहे, तंबू आहेत. त्यामुळे तुमचे खापरपणजोबा या तिसऱ्या मोजणीतले होते असे धरून पुढे चालू.

इंदापूर हे नाव ऐकले की या कामातल्या कुणाचेही कान टवकारतात. प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली मोजणी तिथे फसली होती. उत्पन्नाचे अंदाज चढे निघाले, हाताखालच्या लोकांवर लाचेचे आरोप झाले, रयत गाव सोडून जाऊ लागली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तोच तालुका नव्याने हाती घेतला आणि १८३६-३७ मध्ये तिथे तीस वर्षांच्या मुदतीचा नवा सारा लागू झाला. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात हीच पद्धत नियमबद्ध झाली आणि सबंध मुंबई इलाख्यात चालली. वऱ्हाडात आणि म्हैसूर संस्थानातही ती नेली गेली. इंदापूरची तीस वर्षे १८६६ च्या सुमारास संपली, तेव्हा कर्नल फ्रान्सिस यांच्या हाताखाली तिथे फेरमोजणी झाली.

आता पिढ्या मोजा. तुमचे वय पन्नाशीच्या आत असेल तर खापरपणजोबांचा जन्म साधारण १८४० ते १८५५ मधला धरायला हरकत नाही. म्हणजे विंगेटच्या पथकात ते असणे शक्य नाही. फेरमोजणीत किंवा त्यानंतर शेजारच्या तालुक्यांत झालेल्या कामात असू शकतात. घरात कुणी ‘विंगेटसाहेबाबरोबर’ असे सांगत असेल तर ते त्यांच्याही वडिलांबद्दलचे असेल, किंवा पुढे कुणीतरी जोडलेले असेल. एवढ्या एका हिशेबाने शोधाची तीस वर्षे कमी झाली.

आता पथकाची रचना बघू, कारण हुद्द्यावर कागद ठरतो. वर युरोपियन सुपरिंटेंडेंट आणि त्याचे असिस्टंट. त्यांच्याखाली मोजणी कारकून, म्हणजे शेत मोजून टिपण काढणारे. दुसरी फळी प्रतबंदीच्या कारकुनांची, जे मातीची प्रत ठरवत. त्यांच्या कामाची फेरतपासणी करणारे वेगळे. मग शिपाई, पट्टेवाले, साखळी धरणारे, झेंडे रोवणारे, तंबू वाहणारे. प्रत्येक मुक्कामात गावचे पाटील-कुलकर्णी आणि शीव दाखवायला महार हजर असत. तुमच्याकडचा पितळी बिल्ला बहुधा शिपायाचा किंवा पट्टेवाल्याचा असावा. कारकून बिल्ला लावत नसत. त्यावर आकडा किंवा खात्याचे नाव पुसट दिसत असेल तर बिल्ला घासू-पुसू नका. तिरप्या उजेडात फोटो काढा, अक्षरे उठून दिसतात.

घरात पिढ्यागणिक हुद्दा वाढत जातो. शिपायाचा कारकून होतो, कारकुनाचा ‘सर्व्हे ऑफिसर’. त्यात कुणाचा खोटेपणा नसतो, आपल्या माणसाबद्दलची माया असते. पण शोध घेताना खालच्या हुद्द्यापासून सुरुवात करा.

मोजणी कारकून असतील तर त्यांची खूण टिपणात मिळते. टिपण म्हणजे शेताचा हाती काढलेला कच्चा आराखडा. तो प्रमाणात नसतो. शेताच्या मधून एक मुख्य ओळ धरलेली असते, तिच्यावर शंकू (काटकोन धरायचे साधन) लावून दोन्ही बाजूंना लंब टाकलेले असतात, आणि प्रत्येक लंबाशी साखळी-आण्यांत आकडे. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच. एखाद्या ओळीवर ७ साखळ्या ९ आणे लिहिलेले दिसले तर ते सुमारे २४९ फूट ७ इंच होतात. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आपण आज सहज ‘दोन गुंठे जागा’ म्हणतो ते माप या लोकांच्या साखळीने घालून दिलेले आहे. कडेला बांध, नाला, विहीर, शेजारच्या नंबराचे आकडे, हद्दीचे दगड. आणि बहुतेक ठिकाणी पानाच्या तळाशी किंवा बुकाच्या पहिल्या पानावर मोजणाराचे नाव आणि तारीख.

टिपणाच्या जोडीला गुणाकार बुक असते. त्यात त्याच आकड्यांवरून क्षेत्र काढलेले असते. हे बैठे काम बहुतेक पावसाळ्यात, मुख्य ठाण्याला परतल्यावर चाले. शेतात मोजणी कोरड्या हंगामात. तुमच्या घरात ‘दिवाळीनंतर जायचे ते मृगाला परत यायचे’ अशी काही आठवण असेल तर ती अगदी बरोबर जुळते.

प्रतबुक मात्र मला या सगळ्या दप्तरात सगळ्यांत जिवंत वाटते. प्रतबंदीचा कारकून शेतात जागोजाग खड्डा खणून माती किती खोल आहे ते हाताने मोजायचा. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी माती असेल तर सोळा आणे, म्हणजे पहिली प्रत. दीड हाताला चौदा, सव्वा हाताला बारा, असे उतरत शेवटी दोन आण्यांपर्यंत. मातीत चुनखडी असेल, वाळू असेल, उतार असेल, पुराचे पाणी येत असेल, तर प्रत्येक दोषाला एक प्रत खाली. हे दोष तो शब्दांत न लिहिता छोट्या खुणांनी शेताच्या आराखड्यातल्या चौकटीत मांडायचा. त्या चौकटी बघताना कळते, की एक माणूस त्या उन्हात, त्या जागी, गुडघ्यावर बसून माती चोळत होता आणि त्याच्या बोटांवरून एका कुटुंबाचा तीस वर्षांचा सारा ठरत होता. तुमचे खापरपणजोबा त्यांतले असतील तर नुसते नाव मिळून थांबू नका, त्यांनी भरलेले एक पान तरी मिळवा.

ही बुके आज भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयांत आहेत. अनेक जिल्ह्यांची स्कॅन झालेली आहेत आणि महाभूमीच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर मुंबईत बसून बघता येतात. नोंदणी करायची, जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार निवडायचा आणि शुल्क भरून प्रत उतरवून घ्यायची. ज्या तालुक्याचे सगळे तिथे नाही, तिथे उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात नकलेचा अर्ज करावा लागतो. अर्जात ‘खापरपणजोबांची माहिती मिळावी’ असे लिहू नका. कर्मचारी मदत करू पाहत असला तरी अशा अर्जावर त्याला काही करता येत नाही. गाव, जुना सर्व्हे नंबर आणि ‘मूळ मोजणीचे टिपण’ किंवा ‘फेरमोजणीचे टिपण’ असे नेमके लिहा. कुठल्याही एका नंबराचे टिपण मिळाले तरी त्या गावाचा मोजणीदार कळतो, आणि एका हंगामात एक पथक शेजारशेजारची गावे करत जाते. त्यामुळे एक गाव सापडले की आजूबाजूची चाळायची.

आता नावाबद्दल, कारण इथे बहुतेक लोक हातात आलेले पान सोडून देतात. त्या काळच्या कागदात आडनाव असेलच असे नाही. ‘गोविंद विष्णू’ एवढेच असते, किंवा ‘रामा बिन सखोजी’. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. तेव्हा खापरपणजोबांच्या वडिलांचे नाव तुम्हाला पक्के माहीत असायला हवे, आडनावापेक्षा ते जास्त कामाला येते. ते घरात कुणाला ठाऊक नसेल तर नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला आपल्या तीर्थोपाध्यायांकडे जा. आडनाव, मूळ गाव, जात सांगितलीत की तुमच्या घराण्याच्या वह्या कुणाकडे आहेत ते तिथे कळते. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने वडील, आजोबा, भाऊ, मुलगे यांची नावे लिहिलेली असतात, आणि पुष्कळदा मूळ गावाबरोबर ‘हल्ली वस्ती’ही. घाटावर नोकरी करणारा कोकणातला माणूस नाशिक गाठण्याची शक्यता गावी राहणाऱ्यापेक्षा जास्त होती. ‘हल्ली वस्ती’पुढे इंदापूर, बारामती किंवा पुणे दिसले तर तालुकाही तिथेच सापडतो.

सनांचेही तसेच. कागदावर १२७६ दिसले की घाबरू नका. आपल्याकडचा फसली, म्हणजे महसुली, सन असेल तर त्यात ५९० मिळवा, म्हणजे १८६६-६७. हे वर्ष मृगापासून सुरू होते, म्हणून दोन इंग्रजी वर्षांत विभागले जाते. शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, शके असेल तर ७८ किंवा ७९. कोणता सन आहे ते बहुतेक वेळा आकड्याआधी लिहिलेले असते. नसेल तर तीनही करून बघा. शके लगेच वेगळा पडतो, पण फसली आणि शुहूर यांत नऊ-दहा वर्षांचाच फरक असतो, तिथे कागदातल्या दुसऱ्या खुणांवरून ठरवा.

आता काळा घोड्याला चला. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. हा दप्तरखाना १८२१ मध्ये सुरू झाला. अभ्यासक म्हणून ओळखपत्र दाखवून अर्ज भरला की वाचनकक्षात बसता येते. तुम्हाला हवे ते महसूल विभागाचे खंड. ते वर्षवार बांधलेले आहेत, सूचीत विषयाखाली मोजणी खात्याचे कागद सापडतात. पण थेट तिथे जाण्याआधी एक दिवस टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात द्या. मुंबई सरकारने छापलेले तालुकावार जमाबंदीचे अहवाल आणि जुनी गॅझेटियर तिथे बघता येतात. इंदापूर, भीमथडी, माढा, करमाळा यांपैकी कुठल्या तालुक्यात कोणत्या वर्षी कुणाच्या हाताखाली काम चालले, हे त्यांतून कळते. ती तीन-चार वर्षे आणि त्या साहेबाचे नाव घेऊन मग पुराभिलेखागारात गेलात, तर शोध दोन-चार खंडांवर येतो.

तिथे पगारपत्रकाच्या मागे लागू नका, हे कळकळीने सांगतो. मुशाहिऱ्याची आणि हजेरीची पत्रके, विशेषतः खालच्या लोकांची, पुढच्या काळात दप्तराची वर्गवारी झाली तेव्हा जपून ठेवण्याच्या वर्गात बसली नाहीत. टिपण कायमचे, हजेरी थोड्या वर्षांची. इंग्रजी सिव्हिल लिस्टमध्येही, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यांच्या छापील यादीत, वरचेच अधिकारी आहेत. शिपाई किंवा साखळीवाला सरकारी कागदात नावानिशी येतो तो काहीतरी बिनसले म्हणजे: आजारपणाची रजा, कामावर मृत्यू, बडतर्फी, लाचेची तक्रार, पेन्शनचा अर्ज, विधवेची विनंती, छावणीवरचा हल्ला. १८५२ मध्ये खानदेशात सावदा, रावेर, चोपडा या भागात लोक मोजणीविरुद्ध उठले, तेव्हाचा पत्रव्यवहार असाच पाहण्यासारखा आहे. म्हणून सूचीत ‘आस्थापना’ याबरोबर ‘अर्ज’, ‘पेन्शन’, ‘गैरवर्तन’ हे विषयही बघा. आणि तुमच्या माणसाविरुद्धची तक्रार समोर आली तर पान मिटू नका. तक्रारीत त्याचे गाव, वय, नोकरीची वर्षे, त्याचा जबाब, सगळे एकत्र मिळते. तक्रार झाली म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, पुढचे कागद वाचून मगच मत बनवा.

एक गोष्ट मला मनापासून सलते, ती इथे लिहितो. शीव दाखवणारे, दगड वाहणारे, साखळीचे दुसरे टोक धरणारे गावोगावचे महार हे या मोजणीचे तितकेच भागीदार होते. कुठला दगड कुणी कधी हलवला, हे त्यांनाच ठाऊक असे. पण ते वतनाच्या कामात धरले गेले, मोजणी खात्याच्या आस्थापनेत नाही, त्यामुळे खात्याच्या कागदात ते बहुधा ‘गावचे महार’ एवढेच उरतात. ज्यांच्या घरी अशी आठवण आहे त्यांनी मोजणीच्या दप्तराऐवजी त्या गावच्या वतनाच्या आणि इनामाच्या कागदांकडे वळावे. शिवेचा वाद झाला असेल तर त्यातल्या जबान्या जरूर बघाव्यात. जबानी देणाऱ्याचे नाव, बापाचे नाव, वय हे तिथे असतेच, आणि कधी कधी बोललेले शब्दही. ही नावे बाहेर काढणारे लोक अजून फार थोडे आहेत.

तुमच्या मूळ गावाबद्दलही दोन शब्द. रत्नागिरीत खोतीच्या प्रश्नामुळे मोजणी रखडली, खोतांनी विरोध केला, अखेर १८८० चा खोती कायदा करावा लागला. त्यामुळे गावी काम निघायच्या आधी खापरपणजोबा घाटावरच्या मोजणीत लागले आणि नंतर कोकणातल्या मोजणीत परतले, असेही घडले असेल. राजापूरच्या शेजारच्या तालुक्यांची टिपणे म्हणून दुसऱ्या फेरीत बघावीत, पहिल्या नाही. साष्टीतली गावे, म्हणजे आजचे अंधेरी, मालाड, मुलुंड, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. मुंबईच्या उपनगरात मोजणी केल्याची आठवण कुणी सांगितली तर ठाण्याच्या नावाखाली शोधा.

मोडीचे काय, हे तुम्ही विचारले नाहीत, पण टिपणापासून वह्यांपर्यंत बहुतेक सगळे मोडीत आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. वर्ग करा, नावे, गावे आणि आकडे एवढे वाचता आले तरी नव्वद टक्के चाळणी तुम्हीच कराल आणि जाणकाराकडे नेमके पान घेऊन जाल. कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचकांकडे हल्ली फार गर्दी आहे. वाचून घेताना पूर्ण पानाचे लिप्यंतर मागा, फक्त ‘तुमचे नाव आहे’ असा निरोप स्वीकारू नका. मोडीत ‘सखोजी’ आणि ‘सटवोजी’ घाईच्या हातात सारखे दिसू शकतात आणि एका अक्षराने दुसऱ्याच घराण्याचा माणूस आपल्या वंशावळीत येऊन बसतो. सही जुळवायची असेल तर नाशिकच्या वहीतले हस्ताक्षर आणि टिपणावरचे हस्ताक्षर शेजारी ठेवून बघा. नाव, बापाचे नाव, काळ आणि हस्ताक्षर, यांपैकी तीन जुळल्याशिवाय मी कुणालाही ‘हे तुमचेच’ असे सांगत नाही.

तुम्ही आधी करायचे काम: वडिलांकडच्या सगळ्यांत वयस्कर आत्या किंवा काकांना गाठून खापरपणजोबांच्या वडिलांचे नाव विचारा, बिल्ल्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि इंदापूर तालुक्यातल्या गावांची यादी समोर ठेवून एकेक नाव त्यांना वाचून दाखवा. ऐकता ऐकता एखाद्या गावाच्या नावाला ‘हे ऐकल्यासारखे वाटते’ असे कुणी म्हणाले, तर पहिले टिपण त्याच गावाचे मागवा.